गप्पांच्या वेगाने

रविवार, रात्री

सायकलवर निघताना मैत्रीण एवढंच म्हणाली, “चढाला तू पुढे हो, मी मागून येते.” आजची रपेट इतकी छान झाली ती मुळात या एका वाक्यामुळे. म्हणून तेच आधी लिहून ठेवते.

ती माझ्याहून पुष्कळ तयारीची. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी वर्षभर सराव करते. मी हौसेने चालवते, सवड मिळेल तशी. सपाट वाटेवर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे जोर खातो तो वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. नुसत्या हवेचा हिशोब धरला तर तिने माझ्या दीडपट शक्ती लावूनही वेग साधारण १५ टक्केच जास्त मिळेल. चढावर मात्र सगळी झुंज वजनाशी. आमची वजनं जवळपास सारखी, त्यामुळे तिथे दीडपट शक्ती म्हणजे जवळजवळ दीडपट वेग. सोबत निघालेली माणसं एकमेकांपासून तुटतात ती अशा चढांवरच. यात कुणाचा हट्ट नसतो की आळस नसतो.

तयारीचा माणूस पुढे असला की त्याला वाटतं आपण अगदी सावकाश चाललोय. मागच्याला मात्र त्याची पाठ दिसत राहते आणि ती गाठायला तो न कळत जोर लावतो. एकदा धाप लागली की चढ संपेपर्यंत ती उतरत नाही. आज मी पुढे असल्यामुळे वेग माझा होता. ती दोन-तीन सायकली बसतील एवढं अंतर ठेवून मागे. अगदी चाकाला चाक लावून आली असती तर मला घाई झाली असती. हे तिला सांगावं लागलं नाही.

आणि ती बोलत होती. मध्येच काहीतरी विचारायची. माझं उत्तर पुऱ्या वाक्यात आलं तर पुढचा प्रश्न, तुटक आलं तर फक्त “गिअर हलका कर.” मला ही कसोटी मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा भरवशाची वाटते. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो आणि बोलण्यासाठी श्वास उरत नाही. त्या मर्यादेच्या आत राहिलं तर चरबीही इंधन म्हणून बऱ्यापैकी वापरली जाते, स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा पुरवून पुरवून जातो, आणि तासन् तास चालवता येतं. आज दुपारपर्यंत माझे पाय ताजे होते, ते याचमुळे.

मोठ्या चढाला सर्वांत हलका गिअर लावला. पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र, ३२ दात्यांची, मागचं सर्वांत मोठं चक्र ५१ दात्यांचं. २९ इंची चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल दीड मीटरही पुढे जात नाही. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याचाच वेग. मला या वेगात काहीही कमीपणा वाटत नाही. उलट तोल, नजर आणि श्वास असं सगळं एकदम सांभाळायला इथेच शिकायला मिळतं. वाट सुट्या खडीची होती. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. सीटच्या टोकाशी सरकून, कोपरं वाकवून, बसूनच चढवली तेव्हा चाकाने जमीन धरली.

माथ्यावरची गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे. मागे अनेकांबरोबर गेले तेव्हा असं व्हायचं की पुढचे वर थांबून आराम करणार आणि मी पोचले की लगेच “चला!” ज्याला विश्रांतीची गरज जास्त त्यालाच ती मिळत नाही. आज आम्ही बरोबरच पोचलो. मी पाणी प्यायले, श्वास खाली आला, मी हेल्मेटचा पट्टा पुन्हा आवळला, तोवर ती हललीही नाही. सोबत म्हणजे काय हे मला तिथे फार मनापासून जाणवलं.

उताराला ती पुढे. तिची रेषा, म्हणजे ती निवडते ती वाट, बघत उतरायचं, दोन्ही पेडल समपातळीत, नजर पुढच्या चाकावर नाही तर वळणाच्या पलीकडे, आणि ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की टायरची पकड त्यातच खर्च होते. पुढचं माणूस हे सगळं नीट करत असलं की मागच्याचं शरीरही सैल पडतं. मुळांची एक आडवी रांग मी याआधी नेहमी उतरून ओलांडायचे, आज तिच्यामागोमाग सायकलवरूनच पार केली. इतका आनंद झाला की खाली येऊन तिला मिठीच मारली.

माझ्यामुळे तिचा दिवस वाया गेला का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हलके दिवस हाच सरावाचा मोठा भाग असतो. ते खरंच आहे. सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावातला साधारण ८० टक्के भाग कमी तीव्रतेचा असतो, असं त्यांच्या नोंदींतून वारंवार दिसलं आहे. एकटी असली की आपण हलक्या दिवशीही जोर लावून बसतो, असंही ती म्हणाली. तरी शेवटच्या उभ्या चढाला मीच तिला म्हटलं, “जा, मनसोक्त मार.” ती सुसाट वर गेली, वळून खाली आली, मला अर्ध्या वाटेत गाठलं आणि माझ्याबरोबर पुन्हा चढली. दोघींचंही मन भरलं.

पुढच्या रविवारी उताराला मी पुढे राहणार, असं तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, मग निघण्याआधी तुझ्या टायरची हवा मी बघणार. आज पुढची जरा जास्तच होती.