हिमोग्लोबिन नॉर्मल, फेरिटिन ९

मला बर्फ खायची सवय लागली होती. सवय कसली, व्यसनच. रात्री फ्रीज उघडून खडे कडाकडा चावत बसायचे आणि घरचे म्हणायचे, अगं दात पडतील तुझे. लोह कमी झालं की असं होऊ शकतं हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाकी जिना चढताना धाप, केस मूठमूठ गळणं, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं हे सगळं होतंच, पण प्रत्येकाला माझ्याकडे वेगळं कारण तयार असायचं, झोप झाली नाही, टेन्शन आहे, वय झालं वगैरे वगैरे.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.१. बायकांना १२ च्या वर म्हणजे नॉर्मल, विषय बंद! पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला लावली, ते आलं ९. १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाच समजा, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही कमीच धरतात. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं आणि तो आटला की मगच हिमोग्लोबिन उतरायला लागतं, त्यामुळे रिपोर्ट छान आणि माणूस गळालेला असं होतं. (इन्फेक्शन किंवा अंगात कुठे सूज असेल तर फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणातल्या आकड्यावर फार विसंबू नका.)

गोळ्या सुरू झाल्या आणि मी त्या चक्क चहासोबत घेत होते! चहा, कॉफी, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची औषधं, सगळी लोह शोषू देत नाहीत. शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा घाबरून फोन केला, तर ते गोळ्यांमुळे होतंच म्हणाले. मळमळ फार व्हायची म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड करून दिली. गंमत म्हणजे त्यात नुकसान फारसं नाही, कारण गोळी घेतली की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन सोडतं आणि साधारण दिवसभर आतडं पुढचं लोह नीट आत घेत नाही.

खरी माती मी नंतर खाल्ली. दीड महिन्यात हिमोग्लोबिन १३ झालं, बर्फ सुटला, मी गोळ्या बंद केल्या, कुणाला न विचारता. सहा महिन्यांत परत फ्रीजसमोर. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा मागून, म्हणून ते नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

आणि लोह जातंय कुठे हे शोधायला हवंच. माझं पाळीत जात होतं, आता त्यावर औषध चालू आहे. पण पुरुषांना किंवा पाळी गेलेल्या बायकांना लोह कमी निघालं तर पोटात, आतड्यात कुठे रक्त जात नाही ना ते बघावंच लागतं, नुसत्या गोळ्या घेऊन गप्प बसायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर या गोळ्या वर, बंद कपाटात, कारण त्यांनी जास्त गिळल्या तर जिवावर बेततं.

माझी पुढची फेरिटिन तीन महिन्यांनी आहे.