हाँगकाँगच्या बातम्यांतून इंग्रजी शब्द: माझा अनुभव

मी मराठी माध्यमाची. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, पण इंग्रजीचा 300 गुणांचा सक्तीचा पेपर असतोच. त्यात 25 टक्के पडले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. पुण्याच्या नवी पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत शब्दसंग्रहाची पुस्तकं प्रत्येकाच्या टेबलावर दिसतात. पण पाठ केलेला शब्द वाक्यात घालायची वेळ आली की हात थांबतो, कारण तो कुठे शोभतो हे कधी पाहिलेलंच नसतं.

अभ्यासिकेतली एक ताई म्हणाली, "रोज वेगळी बातमी कशाला वाचतेस? एक प्रकरण धर आणि पहिल्या दिवसापासून तारखेने वाचत जा." मी 2019 चं हाँगकाँगमधलं लोकशाहीसाठीचं आंदोलन धरलं.

सुरुवात 'एक्स्ट्राडिशन'पासून झाली. विजय मल्ल्या यांच्या खटल्यामुळे आपल्याला हा शब्द ओळखीचा आहे, आणि आपल्या कानाला तो चांगलाच वाटतो: पळून गेलेला माणूस परत आणायचा. हाँगकाँगमध्ये मात्र त्याच शब्दाने लोक धास्तावले, कारण तिथल्या सरकारने आणलेल्या प्रत्यर्पणाच्या विधेयकामुळे आरोपींना चीनच्या मुख्य भूमीतल्या न्यायालयांकडे सोपवता आलं असतं. 9 जूनच्या मोर्चात दहा लाखांवर लोक होते असं आयोजक म्हणाले, पोलिसांचा आकडा 2 लाख 40 हजार. आयोजकांपुढे 'क्लेम', पोलिसांपुढे 'एस्टिमेट'. कोणत्या आकड्याला कोणतं क्रियापद लावलंय हे मी तेव्हापासून बघायला लागले.

'सस्पेंड' आणि 'विथड्रॉ' यांतला फरक तर त्या आंदोलनानेच शिकवला. 15 जूनला हाँगकाँगच्या तेव्हाच्या प्रशासनप्रमुख कॅरी लॅम यांनी विधेयक स्थगित केलं, आणि दुसऱ्याच दिवशी आदल्या रविवारपेक्षा मोठा मोर्चा निघाला. स्थगित केलेलं उद्या पुन्हा आणता येतं, मागे घेतलेलं नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. मागे घेण्याची घोषणा व्हायला 4 सप्टेंबर उजाडला.

त्याहून मोठा धडा 'रायट'चा. 12 जूनला आंदोलक आणि पोलिस यांच्यात झालेल्या चकमकीला दंगल म्हटलं गेलं. तिथल्या कायद्यात दंगलीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून आंदोलकांच्या पाच मागण्यांपैकी एक मागणी हा शब्द मागे घ्या, अशीच होती. ते वाचल्यावर 'प्रोटेस्टर' (आंदोलक) आणि 'रायटर' (दंगलखोर) यांत मला परत कधी विचार करावा लागला नाही.

पद्धत साधी ठेवली. वहीच्या डाव्या पानावर तारीख, शब्द आणि तो कोण वापरतंय: सरकार, पोलिस, आंदोलक की वार्ताहर. उजव्या पानावर माझं स्वतःचं वाक्य, पुण्यातल्या एखाद्या मोर्चाबद्दल किंवा महापालिकेच्या निर्णयाबद्दल. संध्याकाळी अलका चौकापर्यंत चालत जाताना ताईला त्या दिवसाची बातमी इंग्रजीत सांगायची. अडले की ती शब्द देत नसे, "कोण म्हणालं होतं ते आठव" एवढंच म्हणायची. बहुतेक वेळा तेवढ्याने आठवायचं.

30 जून 2020 ला हाँगकाँगमध्ये चीनचा राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला, तिथून पुढची पानं वाचताना फार जड गेलं. 'मार्च', 'चँट', 'डिमांड' मागे पडले आणि 'डिसक्वालिफाय', 'डिसबँड', 'एक्झाइल' आले. 24 जून 2021 ला 'ॲपल डेली' या तिथल्या लोकशाहीवादी दैनिकाचा शेवटचा अंक निघाला. त्या बातमीतला एकही शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही, तरी ती मी दोनदा वाचली.

आता म्यानमार घेतलंय, 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावापासून. 'क्रॅकडाउन', 'डिटेन' ओळखीचे निघाले, 'कू' (उठाव) आणि 'जंटा' (लष्करी राजवट) नवे. सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी काम थांबवलं, तिथपर्यंत पोचले आहे.