कोणतं तेल मारता?

गच्चीवर आलेला जवळजवळ प्रत्येक जण जास्वंदीपाशी थांबतो आणि विचारतो, "हिला मिलीबग लागत नाही का? कोणतं तेल मारता, सिट्रोनेला की पेपरमिंट?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

लागतो. मिलीबग म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड. नागपुरात जास्वंद आहे आणि तिच्यावर मिलीबग कधीच आला नाही, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. इसेन्शियल ऑइलचा, म्हणजे झाडांपासून काढलेल्या सुगंधी तेलांचा, उपयोग होतो, पण लोक समजतात तसा नुसत्या वासाने नाही. कुंडीशेजारी तेलाचा बोळा ठेवून बसलेली कीड उठत नाही. ही तेलं उडून जाणारी. आपल्या कोरड्या हवेत त्यांचा वास फार वेळ टिकतच नाही. तेल किडीच्या अंगाला लागलं पाहिजे. म्हणून फवारा पानाच्या खालून, शेंड्याच्या बेचक्यात, फांदी फुटते त्या सांध्यात बसला पाहिजे. वरून शिंपडलं तर फक्त पान चकाकतं.

मिलीबगवर माझा भरवसा संत्र्याच्या तेलावर. मिलीबगच्या अंगावरची पांढरी पूड मेणाची असते, साधं पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. संत्र्याच्या सालीतल्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि ते मेण विरघळवतं. अंबिया बहाराची संत्री सोलताना सालीतून जो बारीक फवारा डोळ्यांत उडतो, तेच हे तेल. पण तेल आणि पाणी एकत्र होत नाही. नुसते थेंब पाण्यात टाकले की ते वर तरंगतात, आणि पानावर जिथे पडतील तिथे डाग जळतो. म्हणून आधी रिठ्याचं घट्ट पाणी किंवा सौम्य लिक्विड साबण चमचाभर घ्यायचा, त्यात तेलाचे 10-15 थेंब घोटायचे आणि मग लिटरभर पाणी. कपडे धुण्याची पावडर नको. हे पाणी आधी दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघायचं, मग झाडावर. चिकटून बसलेले मिलीबग याच पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने हलकेच घासून काढते.

मुंग्यांकडेही बघा. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. त्यांची रांग तोडायला कुंडीच्या काठाला पेपरमिंटचं पाणी पुसलं तर थोडा वेळ काम होतं, पण परत परत पुसावं लागतं. लवंगेच्या तेलापासून मात्र लांब राहा. त्यातलं युजेनॉल तण जाळायच्या फवाऱ्यांत वापरतात, कोवळ्या शेंड्यांची काय गत होईल ते समजून घ्या.

उन्हाचं तर आग्रहाने सांगते. थंडीत, कोबीवर आणि वालावर मावा येतो तेव्हा, सूर्य कलल्यावर फवारा. तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. पारा चाळिशीकडे सरकला की कुठलंच तेल नाही. मे महिन्यात 45 अंशांत तेल लागलेलं पान करपतंच. त्या दिवसांत येणारा लाल कोळी (पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) कोरड्या, धुळकट पानांवर वाढतो. त्याला पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून, तीही सकाळी लवकर, हाच माझा उपाय.

निंबोळी तेलाला बरेच जण इसेन्शियल ऑइल म्हणतात. ते उडून जाणारं नाही, बी दाबून काढलेलं जड तेल आहे. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही; तिचं खाणं कमी करतं आणि कात टाकणं बिघडवतं. म्हणून आज मारलं आणि उद्या कीड दिसली तर निराश होऊ नका, आठवड्याने पुन्हा मारा. आपल्याकडचे शेतकरी 5 टक्के निंबोळी अर्क मारतात, तो याच गुणासाठी. एकच बाटली घ्यायची असेल तर मी निंबोळी तेलाचीच घ्यायला सांगेन. घरात मांजर असेल तर नक्कीच, कारण इसेन्शियल ऑइल तिच्या शरीराला पचत नाही. अंगावर पडलेलं ती चाटून घेते आणि आजारी पडते.

आणि फवारणीआधी ते पांढरे किडे जरा निरखून बघा. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी अगदी मिलीबगसारखीच पांढरी, झिपरी दिसते. पण ती मिलीबगपेक्षा मोठी असते, भराभर चालते आणि मिलीबगच खाते. ती दिसली तर त्या फांदीला हात लावू नका.