तनोट ते लोंगेवाला: न फुटलेले गोळे, देवी आणि वाळू

राजस्थानात पाकिस्तान सीमेजवळचं, तनोट मातेच्या मंदिराचं तनोट जैसलमेरहून साधारण १२० किलोमीटर. वाटेत जवळपास निम्म्यावर रामगढ. पेट्रोल, पाणी, रोख पैसे आणि फोनवरची महत्त्वाची बोलणी, सगळं रामगढलाच उरकून घ्यायचं, कारण पुढे रेंज येते-जाते आणि दुकानं जवळजवळ नाहीतच. रस्ता मात्र उत्तम. सीमेकडे जाणारे रस्ते लष्कराच्या गरजेचे असतात, त्यामुळे आपल्याकडच्या महामार्गांना लाजवेल असं डांबर इथे वाळवंटात सापडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच जायचे दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवरात्रात गेलात तर हवा बरी असते, पण जत्रेची गर्दी असते.

बहुतेक लोक सकाळी जैसलमेरहून निघतात, तनोटला दर्शन घेतात, मग चाळीसेक किलोमीटरवरचं लोंगेवाला, १९७१ ची रणभूमी, बघतात आणि तिथून थेट रामगढला उतरतात. हा गोल फेरा एका दिवसात आरामात होतो. तनोटची सायंआरती हवी असेल तर क्रम उलटा करावा: आधी लोंगेवाला, मग तनोट. परतीचा प्रवास अंधारात होतो आणि रस्त्यावर गाई-उंट बसलेले असतात, एवढं लक्षात ठेवायचं.

तनोटच्या थोडं अलीकडे घंटियाली मातेचं मंदिर लागतं. गाड्या इथे दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात. थोडं जास्त थांबावं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सैनिक इथवर आले आणि त्यांनी मूर्तींची मोडतोड केली, असं इथे सांगतात. त्या भंगलेल्या मूर्ती आजही ठेवलेल्या आहेत. पुढची गोष्ट अशी, की देवीच्या कोपाने ते सैनिक आपसातच लढून मेले. आता हे तनोटच्या गोष्टीशेजारी (ती पुढे येतेच) ठेवून पाहा. तिथे देवीने म्हणे मंदिरावर पडलेला एकही पाकिस्तानी तोफगोळा फुटू दिला नाही, इथे देवीची मूर्तीच फुटली, आणि दोन्हींतून निघणारा अर्थ मात्र एकच: देवी जागृत आहे. काहीही घडलं तरी निष्कर्ष बदलत नसेल, तर तो निष्कर्ष घटनेवरून काढलेला नसतो, आधीपासूनच मनात असतो. श्रद्धेचं हे वैगुण्य म्हणा की बळ, घंटियालीला ते जितकं उघड दिसतं तितकं तनोटला दिसत नाही.

तनोट हे भाटी राजपुतांचं जुनं ठाणं. जैसलमेर वसलं ११५६ मध्ये, त्याच्याही आधीचं. आज गाव नावापुरतं आहे. आहे तो मंदिराचा परिसर, १९७१ च्या विजयाचा स्तंभ आणि सीमा सुरक्षा दलाचा (बीएसएफ) तळ. मंदिर हेच दल चालवतं. आवारात शिरलं की आधी डोळ्यांत भरतात ते रुमाल. नवस बोलताना रुमाल बांधायचा आणि फेडताना येऊन सोडायचा, म्हणून लोक हिला ‘रुमालवाली देवी’ म्हणतात. जाळीवर एकावर एक गाठी इतक्या बसल्या आहेत, की आपला रुमाल नेमका शोधून सोडणं कुणालाही शक्य नाही. बहुतेक जण हाताला लागेल तो सोडतात आणि कुणाची त्याला हरकत नसते.

गाभाऱ्याजवळच्या काचेच्या कपाटात तोफगोळे मांडलेले आहेत. नीट पाहा. वरचा रंग, गोळ्याच्या बुडाजवळचा तांब्याचा पट्टा, टोकाचा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ. त्या पट्ट्यावर तिरक्या खाचा उमटलेल्या असतील तर तो गोळा खरोखर तोफेतून सुटलेला आहे, कारण नळीतले आटे तो पट्टा कापत कापत गोळ्याला फिरवतात. मंदिराचा दावा असा: १७ ते १९ नोव्हेंबर १९६५ या काळात या भागावर सुमारे ३,००० गोळे पडले, त्यांतले ४५० मंदिराच्या आवारात, आणि आवारातला एकही फुटला नाही.

या तारखा शंकेखोर माणसाला लगेच खटकतात. युद्धबंदी झाली होती २३ सप्टेंबरला. पण राजस्थानच्या वाळवंटात ठाण्यांवरून चकमकी त्यानंतरही चालू राहिल्या, तेव्हा नोव्हेंबर अशक्य नाही. दुसरी गोष्ट, सीमा सुरक्षा दलाची स्थापनाच १ डिसेंबर १९६५ ची. त्याआधी सीमा राखायची राज्यांची सशस्त्र पोलीस दलं. तेव्हा ‘बीएसएफच्या जवानांनी चमत्कार पाहिला’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते तारखेच्या हिशेबात बसत नाही. दल नंतर आलं आणि मंदिर त्याने सांभाळायला घेतलं.

आता गोळे. त्या काळी दोन्ही सैन्यांकडे २५ पाउंडी तोफा होत्या, गोळा सुमारे ११ किलोचा. अशा गोळ्याच्या टोकाला आघाती फ्यूज असतो. तो सुरक्षित ठेवलेला असतो, नाहीतर चढवता-उतरवतानाच फुटेल. तोफ उडाली की मागे बसणारा जबर धक्का आणि मग गोळ्याची गरगर, या दोन्हींमुळे आतले अडसर सुटतात आणि फ्यूज ‘जागा’ होतो. मग टोक कशावर आदळलं की आतली टोकदार कांडी छोट्या स्फोटक टोपीवर बसते आणि स्फोट होतो. या साखळीत कुठेही खोट राहिली, म्हणजे फ्यूज जुना आहे, दमट हवेत पडून राहिला आहे, नीट बसवलेला नाही, किंवा गोळा तिरका घसरला आणि टोक धड आपटलंच नाही, तर गोळा मुका राहतो.

‘मऊ वाळूमुळे फुटले नाहीत’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. सेकंदाला काही शे मीटर वेगाने येणाऱ्या गोळ्याला वाळूसुद्धा कठीणच लागते आणि चांगला फ्यूज वाळूत उडतो. वाळू दुसरं काम करते. फ्यूजला थोडा उशीर लावलेला असेल तर गोळा आत शिरून मग फुटतो, वाळूचं कारंजं उडतं, आणि छर्रे आडवे पसरण्याऐवजी जमिनीतच जिरतात. आवाज मोठा, खड्डा मोठा, माणूस शाबूत. अशा माऱ्यात तीन दिवस खंदकात काढलेल्या माणसाला ‘एकही गोळा लागला नाही’ आणि ‘एकही गोळा फुटला नाही’ यांतलं अंतर फारसं जाणवणार नाही.

शिवाय कपाटात येणार कोण? फुटलेल्या गोळ्याच्या चिरफळ्या होतात, न फुटलेला अख्खा राहतो. साक्षीला उभं राहता येतं ते फक्त न फुटलेल्यांना. आणि माऱ्याखाली ४५० पर्यंत मोजलं कुणी, हाही प्रश्न आहेच. तरीही, वाईट दारूगोळ्याचा हिशेब धरला तरी एका छोट्या आवारात इतके मुके गोळे सापडणं हा योगायोग लहान नाही. माझं मत विचाराल तर: आकडा फुगलेला आहे, घटना खरी आहे. (परिसरात वाळूत कुठे गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. मुका गोळा मेलेला नसतो.)

आरती मात्र चुकवू नये. पुजारी दलातलाच, म्हणणारे जवान, ढोलक-झांजा वाजवणारेही जवान. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, सूर्यास्ताच्या आसपास धरून चाला आणि पोचल्यावर विचारून घ्या. आरती जोरकस आहे, आपल्याकडच्या गणपतीतल्या आरतीसारखी, एकाने उचलली की सगळ्यांनी घ्यायची. काही चेहरे डोळे मिटलेले, काही नुसते ड्यूटीवरचे. सीमेवर गस्तीला जाणाऱ्या माणसाचा दिवस बराचसा वाट पाहण्यात जातो, आणि वाट पाहण्यात भीती वाढते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चालीत, शेजाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळणं हा त्यावरचा जुना उपाय आहे आणि त्याला देवीच्या अस्तित्वाचा पुरावा लागत नाही. माझ्यासारख्या न मानणाऱ्याने काय करावं? चपला बाहेर, डोकं झाकायला लोक सांगतील तर झाकावं, मागच्या बाजूला उभं राहावं, टाळ्या वाजवाव्यात, प्रसाद घ्यावा. रुमाल बांधू नये. नवस हा शब्द देणं आहे आणि जे फेडण्याचा इरादा नाही ते बोलू नये.

पण पर्यटक परत जातो, गणवेशातल्या माणसाचं तसं नसतं. लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू नायब सुभेदार म्हणून भरती होतात आणि त्यांचं प्रशिक्षण आपल्या पुण्यातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. अधिकाऱ्याचा धर्म कोणताही असो, त्याने आपल्या जवानांच्या मंदिर किंवा गुरुद्वारा परेडला त्यांच्याबरोबर उभं राहायचं, ही परंपरा. ती सुंदर आहे असं आपण सहज म्हणतो. शीख जवानांच्या तुकडीवर नेमलेला एक ख्रिस्ती अधिकारी परेडला जायचा, पण गाभाऱ्यात शिरायला त्याने नकार दिला. त्याला बडतर्फ करण्यात आलं. मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. लष्कराचं म्हणणं समजतं: मरायला ज्यांच्या पुढे जायचं, त्यांच्यापासून शेवटच्या चार पावलांचंही अंतर नको. तरी मला वाटतं उंबऱ्यापर्यंतची सोबत पुरायला हवी होती. चार पावलं सक्तीची झाली की ती सोबत उरत नाही, ती परीक्षा होते.

तनोटची देवी ही आवड माता, चारण समाजाची, आणि ती हिंगलाज मातेचा अवतार मानली जाते. हिंगलाजचं मूळ स्थान बलुचिस्तानात, हिंगोल नदीच्या खोऱ्यात. आपल्याकडच्या भावसार समाजाची कुलस्वामिनी तीच. तिथले स्थानिक मुसलमान तिला ‘नानी’ म्हणतात आणि यात्रेला ‘नानी की हज’. म्हणजे ज्या देवीने पाकिस्तानचे गोळे मुके केले, तिचं माहेर पाकिस्तानात. आणि १९६५ मध्ये तनोट राखणाऱ्यांत १३ ग्रेनेडिअर्स ही बटालियन होती, बिकानेर संस्थानाच्या उंटदळाचा, गंगा रिसाल्याचा वारसा सांगणारी. ग्रेनेडिअर्स ही राजस्थानचे कायमखानी मुसलमान परंपरेने भरती होणारी रेजिमेंट. याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचा अब्दुल हमीद त्याच वर्षी सप्टेंबरात खेमकरण भागात रणगाडे उडवताना पडला आणि परमवीर चक्राचा मानकरी झाला. देवी कुणाच्या बाजूची, हा प्रश्न इथे असा गुंततो.

तनोटच्या पुढे सीमेवरच्या खांबापर्यंत जायचं तर परवानगी लागते. नियम अधूनमधून बदलतात. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं आणि मंदिराच्या आवारातच चौकशी करावी. ठाण्यांचे फोटो काढू नयेत.

लोंगेवालाला देवीचं कारण कुणी देत नाही, कारण तिथली कारणं मोजता येतात. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनचे सुमारे १२० जवान होते. समोरून आली ती पाकिस्तानी ब्रिगेड, चाळीसहून अधिक रणगाड्यांसह. मागे हटण्याची मुभा होती, ते थांबले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफा आज आवारात पाहायला मिळतात: लांब बारीक नळी, मागून जाळ फेकणारी, त्यामुळे एकदा डागली की जागा उघडी पडते. ठाण्याभोवती काटेरी तार होती. ती पाहून पाकिस्तानी तुकडी सुरुंग असतील म्हणून थबकली आणि अंधारातले मोलाचे तास गेले. बाजूने वळसा घालायला गेलेले रणगाडे मऊ वाळूत रुतले. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करायची सोय नव्हती, आणि डिसेंबरात तिथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. उजाडल्यावर उघड्या वाळूत, डोक्यावर स्वतःची विमानं नसलेले रणगाडे एकेक करून टिपले गेले. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. श्रेय ठाण्याचं की विमानांचं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला तो फुकाचा वाटतो: ठाणं सुटलं असतं तर सकाळी विमानांना असं थांबलेलं सावज मिळालं नसतं.

त्या रात्री खंदकांत देवाचं नाव नव्हतं असं नाही. पंजाब रेजिमेंटमध्ये शीख आणि डोग्रा जवान, म्हणून युद्धघोषही दोन: ‘जो बोले सो निहाल’ आणि ‘बोल ज्वाला माता की जय’. समोरच्या सैन्याचा घोष ‘नारा-ए-तकबीर’. घोषांनी माणसं जागेवर टिकली असतील, रणगाडे मात्र वाळूत रुतले ते वजनामुळे. आवारात पकडलेला टी-५९ रणगाडा उभा आहे. त्याच्या पट्ट्याची रुंदी हाताने मोजून पाहा आणि मग शेजारच्या वाळूत टाच रोवून पाहा.

लोंगेवालाहून रामगढला येताना वारा असेल तर वाळूची जीभ रस्त्यावर आलेली असते. ती अंगावर घेऊन सरळ जावं, वाचवायला डांबराखाली उतरू नये. चाक रुतलंच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खोल जातं. पुढची वाळू हाताने उपसा, टायरची हवा वीस पीएसआयच्या खाली, अठरापर्यंत आणा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गियरमध्ये हळू सुटा. रामगढला पंपावर हवा पुन्हा भरून घ्यायला विसरू नका, कमी हवेवर डांबरावरून साठ किलोमीटर गेलात तर टायर तापून फुटतो.