टेप परत करायची राहिली

शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत माझ्या नावावर एक वस्तू अजून बाकी असणार : स्टीलची मेजरिंग टेप, तीन मीटर, नग 1.

2013 च्या नोव्हेंबरात विज्ञानाच्या बाईंनी वर्गात बातमी सांगितली. अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन हायस्कूलच्या मुलांनी बनवलेला ‘टीजे-थ्री-सॅट’ हा उपग्रह 19 तारखेला अवकाशात गेला होता. हायस्कूलच्या मुलांनी बनवलेला तो पहिलाच. त्यांना सात वर्षं लागली, म्हणजे ज्यांनी हात घातला ती मुलं केव्हाच शाळेबाहेर पडलेली! आम्ही नववीत. आमच्या हाती जेमतेम दीड वर्ष. “उडवणं आपल्या हातात नाही, पण बनवायला कोण अडवतंय?” बाई म्हणाल्या.

तो उपग्रह ‘क्यूबसॅट’ जातीचा. क्यूबसॅट म्हणजे सगळ्या बाजू 10 सेंटिमीटर असलेला ठोकळ्यासारखा छोटा उपग्रह. 1999 साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी हे माप ठरवलं, तेव्हा वजनाची मर्यादा होती 1 किलो. आमच्याकडे स्क्रूसुद्धा तोलून घ्यायचे. अँटेना माझ्या वाट्याला आली, कारण ती कुणालाच नको होती.

आमचा रेडिओ वापरणार होता त्या 437 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण 69 सेंटिमीटर, तिच्या पाव लांबीची अँटेना 17 सेंटिमीटर. ती 10 सेंटिमीटरच्या डब्यात मावणार कशी? खऱ्या क्यूबसॅटवाल्यांनी शोधलेला उपाय सुताराच्या पेटीतलाच निघाला. टेपची पट्टी डब्याभोवती गुंडाळायची, नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची आणि वर गेल्यावर निक्रोमची तार तापवून दोरा जाळायचा. पट्टी आपोआप ताठ होते. कार्यानुभवाच्या सरांकडून मी टेप ‘मोजायला’ आणली. कापायची आहे हे सांगितलं नाही.

तार तापायला लागली की आमचा उपग्रह बेशुद्ध! मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपग्रहाचा मेंदू असलेली चिप, आणि तार एकाच सेलवर. तार करंट ओढायची, व्होल्टेज पडायचं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. तारेला वेगळा सेल दिला, तर वजन वाढलं. मग कोणाचा स्क्रू काढायचा यावरून जी भांडणं झाली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी एका शनिवारी दोरा जळाला आणि पट्टी फटकन उघडून थेट सरांच्या चष्म्यावर बसली. सरांनी चष्मा सारखा केला, पट्टीवरचे आकडे वाचले आणि एवढंच विचारलं, “उरलेली कुठाय?”

उरलेलीचे तुकडे कापून लाकडी दांड्यावर यागी अँटेना केली, म्हणजे जुन्या टीव्हीसाठी गच्चीवर असायची तशी, एका दिशेला रोखायची. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असलेले शाळेचेच एक माजी विद्यार्थी रिसीव्हर घेऊन आले. गच्चीवर आम्ही टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, 2003 पासून पृथ्वीभोवती फिरणारा ‘एक्सआय-फोर’ हा क्यूबसॅट ऐकला. मोर्सची बारीक टिकटिक. तिचा सूर सारखा खाली उतरत होता. सेट बिघडला म्हणून मी घाबरलो, बाई म्हणाल्या, “डॉप्लर! उपग्रहाच्या वेगामुळे सूर बदलतो. परवाच शिकवलाय.” जेमतेम दहा मिनिटांत तो क्षितिजाखाली गेला. दांडा धरून माझा हात भरून आला होता, पण मी तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

आमचा डबा प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिला. 7 ऑगस्ट 2022 ला देशभरातल्या 75 सरकारी शाळांमधल्या 750 मुलींचा ‘आझादीसॅट’ उडाला, पण रॉकेटने योग्य कक्षेत न सोडल्याने हातचा गेला. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “बनवतील पुन्हा.” 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरा गेला, नीट पोचला. त्या दिवशी फोन बाईंचाच आला.

शाळेच्या महोत्सवाला येताना तीन मीटरची नवी टेप आणतोय. सर, नोंद तेवढी खोडा.