युकॉनच्या सोळा दिवसांचा हिशोब

कॅनडात व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, युकॉन नदीतून ७१५ किलोमीटर. जूनच्या शेवटी आम्ही चौघं दोन कनू (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, उघड्या होड्या) घेऊन निघणार आहोत. तीन महिने प्लॅनिंग चाललंय आणि त्यातला निम्मा वेळ तरी एका तळ्यावरच गेलाय.

नदी चांगली वाहती आहे. आरामात वल्हं मारलं तरी प्रवाह धरून तासाला नऊ-दहा किलोमीटर होतात, म्हणजे सहा-सात तासांत दिवसाचे ६० आले, म्हणून मी आधी सरळ भागाकार करून बारा दिवस धरले होते. पण व्हाइटहॉर्स सोडलं की थोड्याच अंतरावर लेक लबार्ज लागतं, जवळपास ५० किलोमीटर लांब, आणि तिथे प्रवाह जवळजवळ नाहीच, सगळं हातांवर. वारा सुटला की लाटा बघता बघता वाढतात आणि पाणी जूनमध्येही इतकं गार असतं की माणूस पाण्यात पडला तर काही मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. लोकांना रॅपिड्सची, म्हणजे खडकांमधून उसळत जाणाऱ्या पाण्याची भीती वाटते, मला या तळ्याची जास्त वाटते. त्यामुळे नियम ठरलेत: लाइफ जॅकेट कायम अंगात, काठ सोडायचा नाही, आडवं कापून वेळ वाचवायचा मोह कितीही झाला तरी नाही, आणि निघायचं पहाटे चारला, वारा उठला की कनू वर ओढून थांबायचं. त्या दिवसांत तिथे नीट अंधार पडतच नाही त्यामुळे चार वाजता निघायला काही अडचण नाही. तळ्याला तीन दिवस दिलेत, बाकी नदीला अकरा, आणि दोन राखीव.

या दोन राखीव दिवसांवरून आमच्यात बरीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं, सुट्टी वाया जाते. मला ते अजिबात पटत नाही, कारण राखीव दिवस नसला की माणूस वारा दिसत असूनही "चल, जाऊन बघू" म्हणतो, आणि गडबड तिथेच होते.

तळं संपलं की थर्टी माइल नावाचा नदीचा पट्टा, नितळ आणि जोरात वाहणारं पाणी. पुढे टेस्लिन नदी येऊन मिळते. कारमॅक्स हे वाटेतलं एकमेव गाव, तिथपर्यंत फार मागे पडलो तर ट्रिप तिथेच संपवायची हे आत्ताच ठरवून ठेवलंय. त्यानंतर मिंटोला रस्ता एकदा नदीपाशी येतो, मग थेट डॉसन. मिंटो आणि डॉसनच्या मधे फोर्ट सेल्कर्क ही जुनी वस्ती लागते, तिथे रस्ताच नाही, होडीने नाहीतर विमानानेच जाता येतं, त्यामुळे तिथे एक मुक्काम हवाच असा माझा हट्ट आहे.

कारमॅक्सच्या खाली फाइव्ह फिंगर रॅपिड्स. खडकांमुळे नदीच्या पाच वाटा होतात, आपण जायचं सगळ्यात उजवीकडच्या वाटेने, पूर्वी स्टीमबोटीही तिथूनच जायच्या. उजवा काठ बराच आधी धरायचा, आत शिरलं की कनूचं नाक सरळ ठेवायचं आणि वल्हं थांबवायचं नाही. सामान पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगांत, जड ते मधे आणि तळाशी, सगळं बांधलेलं.

अस्वलांचा मुलूख आहे, तेव्हा खाणं घट्ट झाकणाच्या बॅरलमध्ये, आणि स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर लांब. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यायचा आणि कमरेला लावायचा, बॅगेत ठेवून उपयोग नाही.

पाण्याचं एक मात्र उशिरा लक्षात आलं. फोर्ट सेल्कर्कच्या पुढे व्हाइट रिव्हर ही उपनदी मिळाली की तिच्या गाळाने युकॉन पार गढूळ होते आणि फिल्टर लगेच तुंबतो. म्हणून त्याआधी सगळे कॅन भरून घ्यायचे, पुढे बाजूच्या स्वच्छ ओढ्यांचं पाणी, तेही उकळून.

सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइलची रेंज नसली तरी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) दोन घेतोय, प्रत्येक कनूत एक. येत्या रविवारी चौघांनी सामानासकट कनू उलटवून परत सरळ करायची प्रॅक्टिस आहे. चौथ्या मित्राने ते अजून एकदाही केलेलं नाही, आणि त्याला ते जमेपर्यंत मी तिकिटं काढणार नाहीये.