वेसाव्याच्या वाळूत लोडरची प्लेट फाटली, तेव्हाचा माझा अनुभव

आवाज आधी मामांनी ऐकला. मामा म्हणजे आमचे ट्रॅक्टरवाले. नात्याने कोणाचेच मामा नाहीत, पण १२ वर्षं आमच्याकडे आहेत. आठवडाभर ते सांगत होते, "दादा, डावीकडून कट् कट् वाजतंय, उचलताना बकेट तिरकी होते." मी म्हणालो, पिनेला ग्रीस मारा. ग्रीस मारलं, आवाज गेला नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

आमचं मूळ काम मुंबईत आरे कॉलनीतल्या तबेल्यांचं शेण उचलून नर्सरीवाल्यांना द्यायचं. ४५ एचपीचा ट्रॅक्टर, पुढे लोडर, म्हणजे बकेट उचलणारे दोन लोखंडी हात. त्या जुलैत एका ठेकेदाराने वेसाव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायचं काम दिलं. पावसाळ्यात समुद्र आपलं सगळं आपल्याला परत करतो: प्लास्टिक, चपला, जाळ्यांचे तुकडे, लाकडं आणि त्यात गुंतलेली ओली वाळू.

तिसऱ्या दिवशी बकेट छातीएवढ्या उंचीवर असताना मोठा आवाज झाला आणि लोडरचा डावा हात चार बोटं खाली बसला. काय झालं ते बघायला मी पुढे धावलो. मामा ओरडले, "समोरून बाजूला व्हा!" त्यांनी ठोका न देता हळूहळू बकेट जमिनीवर टेकवली आणि इंजिन बंद केलं. मग मी वाकून पाहिलं. ट्रॅक्टरला धरणारी डावी प्लेट, जिथे लोडरचा उभा खांब तिला वेल्ड केलेला असतो त्या कोपऱ्यातून, वीतभर फाटली होती. फाटलेल्या कडेचा अर्धा भाग गंजून तपकिरी आणि अर्धा चकचकीत होता. म्हणजे निम्मी प्लेट आधीच तुटलेली होती आणि आम्ही तिच्यावर काम करत होतो.

भरतीला दीड तास होता. बकेट रिकामी केली, खांबाला साखळी घालून ती पुढच्या ॲक्सलच्या सपोर्टला आवळली, बकेट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर ठेवली आणि मामांनी ट्रॅक्टर चालायच्या वेगाने रिव्हर्समध्ये वर रस्त्याला काढला. तिथे हायड्रा क्रेन बोलावून लोडर उतरवला. लोडरच्या तेलाचे पाइप सोडण्याआधी बकेट टेकलेली हवी, इंजिन बंद हवं आणि लिव्हर मागेपुढे करून आतला दाब सोडलेला हवा. दाबातलं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. वर बारीकसा ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर घरी हळद लावत बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं.

रस्त्यालगतच्या पहिल्याच वेल्डरने पाहून सांगितलं, "पट्टी मार देता हूँ, आधे घंटे में निकलो." खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. ठेकेदाराचे फोन चालू होते. मामांनी नुसतं त्या गंजलेल्या कडेवर बोट ठेवलं.

शेवटी साकीनाक्याला, खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात गेलो. मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, वयाने साठीच्या पुढे. त्यांनी प्लेटकडे पाहिलंच नाही, आधी बोल्ट मागितले. डाव्या बाजूला चार हवे होते. एक गायब, एक तुटलेला, दोन हाताने फिरतील इतके ढिले. भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. तुटलेल्या बोल्टचं तोंड त्यांनी पुसून माझ्यापुढे धरलं. एका कडेपासून आत कमानीसारख्या रेषा, एकीमागे एक, आणि शेवटी खरबरीत नवा तुकडा. ओहोटीला पाणी मागे सरताना वाळूवर उमटतात ना, अगदी तशा. तार वाकवून वाकवून तोडतो तसा हा तुटलेला. आदल्या वर्षी आमच्या गॅरेजमध्ये बदललेल्या ढिल्या बोल्टच्या डोक्यावर काहीच आकडा नव्हता. चांगल्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असतं. ८.८ म्हणजे ताणून तुटायला ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. बिनआकड्याचा म्हणजे देवाच्या भरवशावर.

"लोडर बोल्टवर लटकत नाही," मिस्त्री म्हणाले. "बोल्ट प्लेटला आवळून धरतो आणि ती आवळणी भार घेते. आवळणी गेली की प्लेट रोज इकडून तिकडे हलते. मग सगळ्यात कडक कोपरा फाटतो."

मग त्यांनी विचारलं, काय उचलता? तिथे माझी बोबडी वळली. आमची बकेट ०.४ घनमीटरची. शेण घनमीटरला साधारण १ टन, म्हणजे बकेटमध्ये ४०० किलो. ओली वाळू जवळजवळ दुप्पट, म्हणजे ७५० किलोच्या वर. लोडरची क्षमता ५०० किलो. बकेट तीच आणि भरलेली दिसतेही तशीच, त्यामुळे डोळ्याला फरक कळत नाही. त्यात वाळूत पुरलेलं जाळं बकेटच्या एकाच कोपऱ्यात अडकायचं आणि मामा ते हिसका देऊन काढायचे, म्हणजे सगळा पीळ एका बाजूला. वर मागे काउंटर वेट नाहीच. ते "नंतर लावू" म्हणून राहिलं होतं.

माझ्या पोटात खरा गोळा आला तो क्लच हाउसिंगच्या, म्हणजे क्लचच्या बाहेरच्या कवचाच्या, विचाराने. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे एकमेकांना आवळलेलं बीड (ओतीव लोखंड), तोच त्याचा कणा. आमची प्लेट त्या हाउसिंगलाच बसवलेली. पत्रा बदलता येतो, पण बिडाला तडा गेला तर ट्रॅक्टर अर्ध्यात तोडावा लागतो, आणि बिडाचं वेल्डिंग नीट तापवून न केल्यास शेजारी दुसरा तडा तयार. मिस्त्रींनी हाउसिंग घासून स्वच्छ केलं, लाल डाय फवारला, १५ मिनिटं थांबून पुसला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती पाच मिनिटं मी गाळ्याबाहेर जाऊन उभा राहिलो. रेघ आली नाही. एका भोकाचे आटे मात्र गेले होते, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घातलं.

लोडर बनवणाऱ्यांना फोन केला. त्यांनी फोटो मागितले आणि दोन दिवसांनी एका शब्दात निकाल दिला, "ओव्हरलोड." अर्धं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. त्यांचा सांगाडा मागच्या ॲक्सलपर्यंत जातच नव्हता, सगळा भार पुढच्याच भागावर, हे त्यांनी कानाआड केलं. भांडायला कागद काढले, पण वॉरंटी संपलेली. सोडून दिलं.

दुरुस्तीत जुनी प्लेट पट्टी न मारता पूर्ण कापून टाकली. १२ मिलिमीटरच्या जागी १६ ची घेतली. मी म्हणालो, २५ ची घालू या. मिस्त्री हसले. "प्लेट नाही फाटणार, मग हाउसिंग फाटेल." त्याऐवजी दोन्ही बाजूंनी मागच्या ॲक्सलपर्यंत आधार ओढले. कोपरे गोल कापले आणि वेल्डिंग कडेवर येऊन संपू दिलं नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगचे रॉड ७०१८ जातीचे, तेही ओव्हनमधले. जुलैच्या मुंबईत उघड्यावरचा रॉड ओल धरतो आणि वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो, त्याने वेल्ड तडकतो. वेल्डिंग आधी टेबलवर आणि शेवटचं थोडं ट्रॅक्टरवर, तेव्हा बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडल्या आणि अर्थिंगचा चिमटा अगदी शेजारी लावला. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

बोल्टसाठी मी स्वतः नागदेवी स्ट्रीटला गेलो. १०.९ चे, कडक वायसरसकट. पाऊस धो धो, लोकल अर्धा तास उशिरा, पण बोल्ट डोक्यावरचा आकडा वाचून घेतले. ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना मिस्त्रींकडे होता.

९ दिवस आणि ३८ हजार रुपये गेले.

आता मागे सिमेंट भरलेला ड्रम असतो. प्रत्येक नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लागत नाही. पहिल्या १० तासांनंतर दोन नट पाव फेरा सरकले होते, ते आवळले. ५० तासांनंतर एकही नाही. मामा रोज सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन खाली वाकतात.

ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर परत गेलो तेव्हा मामा वाळूची बकेट अर्धीच भरत होते. ठेकेदाराच्या माणसाने विचारलं, "अर्धी का? अशाने जेसीबी आणावा लागेल." मामा म्हणाले, "आणा."

आणला. आम्ही शेणाकडे परतलो.